बागेचे रिकामे महिने

१९६२ साली अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने दोन संस्था जन्माला आल्या. ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर कारखान्यांचे भूखंड आखले गेले. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पहिल्या संस्थेने या पट्ट्याचा चेहरामोहरा बदलून टाकला. दुसरीचे नाव मात्र या पट्ट्यातल्या बहुतेकांच्या कानावरूनही गेलेले नसेल. आकुर्डी ही या दोन जगांची गाठ पडायला हवी होती अशी जागा. एकीकडे बजाजच्या स्कूटरमुळे देशाला माहीत झालेला कारखान्यांचा परिसर, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि लोणावळ्याकडे जाणारी लोकल. दुसरीकडे १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेले सेक्टर, त्यांतले रुंद रस्ते, बंगल्यांच्या बागा, सोसायट्यांच्या हिरवळी आणि पालिकेची उद्याने. हिरवाईच्या बाबतीत हा भाग पुण्याच्या जुन्या पेठांपेक्षा कितीतरी सुदैवी आहे. तरीही परागीभवन करणाऱ्या जीवांच्या बाजूने पाहिले तर या हिरवाईत एक मोठी उणीव दिसते. इथे फुले कमी नाहीत. ती वर्षभरात नीट वाटलेली नाहीत. मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरांसाठी बाग करायची म्हणजे सुंदर फुलांची यादी करून ती लावायची, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की उष्ण प्रदेशात ही बाग यादीवर उभी राहत नाही, दिनदर्शिकेवर उभी राहते. आणि आपल्या दिनदर्शिकेतले अवघड महिने पुस्तकांत छापलेल्या महिन्यांपेक्षा वेगळे आहेत.

नेहमीच्या नगर-उद्यानात काय असते ते आठवून पाहावे. मधोमध लॉन, कडेने ड्युरांटाचे कातरलेले कुंपण, वाफ्यांत गुलाब आणि हंगामी फुले, रस्त्याच्या दुभाजकावर बोगनवेल आणि कण्हेर, डोक्यावर गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री. यांतला लॉन हा खाद्याच्या हिशेबात शून्य, कारण त्याला फुलूच दिले जात नाही. कातरलेल्या कुंपणाचीही तीच गत. कण्हेरीच्या फुलात मध नसतो. ती रंगरूपाने कीटकांना बोलावते आणि रिकाम्या हाती परत पाठवते. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात पुंकेसरांच्याच जागी पाकळ्या आलेल्या असतात, त्यामुळे पराग नावापुरता. उरले वृक्ष, तर गुलमोहर, पेल्टोफोरम आणि बहावा हे तिन्ही उन्हाळ्याच्या उत्तरार्धात एकदम फुलतात. एप्रिल-मेमध्ये रस्ते लाल-पिवळे होतात, छायाचित्रे निघतात, आणि जूनचा पाऊस पडला की सगळे हिरवेगार होऊन खाद्याचा पुरवठा थांबतो. हिरवेपणा आणि अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या बागांच्या आराखड्यात कुठेच धरलेले नसते.

याचे कारण असे की बागकामाचे छापील ज्ञान आपल्याकडे बरेचसे थंड प्रदेशांतून आले. तिकडे हिवाळा हा उपासाचा काळ. म्हणून वसंताच्या आरंभी लवकर फुलणारे कंद लावा, शरदात उशिरा फुलणारी झुडपे ठेवा, असा सल्ला दिला जातो. दख्खनच्या पानझडी प्रदेशाचे चक्र निराळे आहे. इथली बरीच देशी झाडे कोरड्या काळात, पाने गाळून, उघड्या फांद्यांवर फुलतात. आपल्याला रखरखीत वाटणारे फेब्रुवारी ते मे हे महिने मधमाश्यांचे सुगीचे असतात. त्यांची खरी ओढाताण होते ती जून ते ऑगस्टमध्ये. झाडांचा बहर ओसरलेला, झुडपे-वेली अजून वाढीच्या घाईत, आणि पावसाच्या झडीमुळे बाहेर पडायला मोजके तास. महाराष्ट्रातले मधपाळ याच काळात पेट्यांना साखरेचा पाक पाजतात, तो उगाच नाही. आग्या माश्या तर ऋतू पाहून मुक्कामच हलवतात. उलट फुलपाखरांची चंगळ पावसाच्या ओलाव्यावर चालते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ती सर्वांत जास्त दिसतात. जेफ ऑलर्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार समशीतोष्ण प्रदेशांतल्या सपुष्प वनस्पतींपैकी सरासरी ७८ टक्के परागीभवनासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात. उष्ण कटिबंधात हेच प्रमाण ९४ टक्के आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे अधिक निकडीचा, आणि तयार उत्तरे मात्र परक्या हवामानातली.

मग आकुर्डीच्या हवामानात वर्ष कसे भरायचे? माघ-फाल्गुनाची चिंता नाही: काटेसावर, पळस, पांगारा फुलतात, त्यांच्या लाल-केशरी फुलांवर शिंजीर, मैना, बुलबुल आणि माश्या एकत्र दिसतात. त्याआधी आंब्याचा मोहोर असतो, ज्याच्यावर मधमाश्यांपेक्षा अनेकदा साध्या माश्यांचीच गर्दी अधिक. टेकडीच्या उतारावर धायटी, मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, करंज आणि जांभूळ. एका पूर्ण वाढलेल्या करंजाच्या बहराची बरोबरी हंगामी फुलांचे कितीही वाफे मिळून करणार नाहीत. म्हणून जिथे जागा आहे तिथे आधी झाड, मग झुडूप, मग वाफा हा क्रम पाळावा. मेमध्ये बहावा आणि आपले राज्यपुष्प ताम्हण. खरी परीक्षा पुढे आहे. पावसाळ्यातली पोकळी भरून काढणारी झाडे आपल्याकडे आहेत, पण ती ‘शोभेची’ नाहीत म्हणून बागेत येत नाहीत: बाभूळ, खैर, साग, आणि पाऊस सरताना बोर. बोराचे फूल हिरवट, इवलेसे, डोळ्यांत न भरणारे. माश्या, गांधिलमाश्या आणि मधमाश्या मात्र त्या झाडावर अक्षरशः तुटून पडतात. जमिनीलगत तेरडा, केना, आणि भाद्रपद-आश्विनात कुर्डू. पडीक जागेत आपोआप उगवणारे कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे म्हणजे फुलपाखरांचे हक्काचे ठिकाण. नेमके तेच दसऱ्याआधीच्या साफसफाईत उपटले जातात. मावळाकडे याच सुमारास कारळ्याची, म्हणजे खुरासणीची, शेते पिवळी होतात. दिवाळीनंतर तूर, शेवगा, तुळशीच्या मंजिऱ्या, आणि पौषापासून अडुळसा. शेवगा तर वर्षात एकाहून अधिक वेळा फुलतो, जागा कमी घेतो आणि शेंगाही देतो. ही झाडे दुर्मीळ नाहीत. कागदावर बारा रकाने आखून कोणते झाड कोणत्या रकान्यात बसते एवढे पाहिले की आपल्या सोसायटीचे रिकामे महिने आपोआप उघडे पडतात.

दिनदर्शिका भरली की प्रश्न येतो कोणासाठी भरायची याचा. परागीभवन म्हटले की मधमाशी डोळ्यांसमोर येते, आणि आपल्याकडे त्यांतही प्रकार आहेत: कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांखाली मोठे एकेरी पोळे लटकवणारी आग्या, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख न मारणारी इवली पोया. पण जगातल्या वीस हजारांहून अधिक जातींच्या माश्यांपैकी बहुसंख्य एकेकट्या राहतात, पोळे करत नाहीत, मध साठवत नाहीत. त्यांचे काम जवळून पाहायचे असेल तर वांग्याचे रोप पुरेसे आहे. वांग्याच्या जांभळ्या फुलाच्या मध्यभागी पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून उभे असतात. ते इतर फुलांसारखे उभे फाटत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला एक बारीक छिद्र असते आणि पराग आत कोंडलेला असतो. काळा सुतार भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी येते, फुलाला पायांनी गच्च धरते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, वरच्या पट्टीतला आवाज येतो आणि छिद्रांतून परागाची भुकटी तिच्या पोटावर उडते. टोमॅटोचेही असेच आहे. मधमाशीला ही विद्या येत नाही. वाऱ्याच्या झुळकीने थोडीफार फळे धरतात, पण भरघोस फळांसाठी हा थरथराट कामाला येतो. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा पाळी पतंगांची असते. सीताफळाचे काम लहान भुंगेरे करतात. गच्चीवरच्या बागेत वेल फुलतो पण फळ धरत नाही, या नेहमीच्या तक्रारीमागे खत-पाण्याइतकेच कारण या पाहुण्यांच्या गैरहजेरीचे असते.

शहरापुरताच हा विषय आहे असेही नाही. आकुर्डीहून चाकणकडे निघाले की कारखान्यांच्या मधूनमधून शेती दिसते. चाकणची बाजारपेठ कांद्यासाठी प्रसिद्ध. पुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. कांदा जमिनीखाली पोसतो, त्याला माशीशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण कांद्याचे बी धरायचे तर डेंगळ्यावरचा पांढरा गोंडा फुलावा लागतो. एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि प्रत्येक फुलात पराग आधी गळतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. फूल स्वतःच्या परागावर बी धरू शकत नाही. कोणीतरी दुसऱ्या फुलाचा पराग आणून द्यावा लागतो, आणि तो कोणीतरी म्हणजे कीटक. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाच्या २०१६च्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक काही ना काही प्रमाणात प्राण्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. शहराच्या कडेची बाग आणि शेताचा बांध यांच्यात माश्यांना सीमा दिसत नाही. याच पट्ट्यातला एक विरोधाभास इथे सांगायला हवा. मावळातल्या, तळेगावच्या पॉलिहाउसांमधून फेब्रुवारीत गुलाब परदेशी जातात. फुलांचा एवढा मोठा व्यवहार इथे चालतो. पण तो गुलाब प्लॅस्टिकखाली वाढतो आणि कळी उमलण्याआधी कापला जातो. माशीच्या दृष्टीने तिथे एकही फूल नाही. फुलांचे उत्पादन आणि फुलांचे निसर्गातले काम या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात, याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको.

अन्नाचा पुरवठा झाला तरी निम्मेच काम होते. फक्त मधाची फुले असलेली बाग ही खानावळ. तिथे जेवायला येतील, संसार थाटायला नाही. एकेकट्या माश्यांपैकी बऱ्याच जाती जमिनीत बिळे करतात, आणि त्यासाठी उघडी, न खणलेली, ऊन लागणारी माती हवी. आपण मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो. सुतार भुंग्याला वाळकी फांदी किंवा बांबू हवा. आपण वाळकी फांदी दिसताच तोडतो. फुलपाखरांची गरज आणखी नेमकी. त्यांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात: प्लेन टायगर रुईची, इमिग्रंट बहावा आणि टाकळ्याची, टेल्ड जे आसुपालवाची, रेड पिरो पानफुटीची, कॉमन क्रो कण्हेरीची. फुलात मध नसलेली कण्हेर पानांच्या बाबतीत अशी उपयोगी ठरते, म्हणून तिलाही सरसकट हद्दपार करू नये. कढीपत्ता आणि लिंबू ही मॉरमॉन आणि लाइम फुलपाखरांची माहेरघरे; २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला ब्ल्यू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतो. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो, नीट पाहिले तर तो सरकतो. ती अळी. तिला पाहून फवारणीचा पंप काढणारे आणि फुलपाखरू पाहून मोबाइल काढणारे हात एकाच घरातले असतात. चार पाने कुरतडलेली दिसणे हे या बागेचे अपयश नसून तिच्या यशाची पहिली खूण आहे, ही गोष्ट माळ्याला आणि सोसायटीच्या समितीला आधी पटवावी लागते. ठाण्याच्या घोडबंदर भागातली ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी नावारूपाला आली ती अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावल्यामुळे, आणि धारावीच्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यानही हेच सांगते की जागा कितीही बिघडलेली असली तरी योग्य झाडे आली की कीटक वाट शोधतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप डंखाचा. आग्या मोहोळ उठले तर जीवावर बेतू शकते. ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करणे बेजबाबदारपणाचे आहे. पण आग्या पोळ्याची जागा बाग पाहून ठरवत नाही, उंची आणि आधार पाहून ठरवते. म्हणूनच ती दहाव्या-बाराव्या मजल्याच्या छज्ज्याला लटकते. चाऱ्यासाठी ती काही किलोमीटर जाते, तेव्हा खालची फुलझाडे उपटल्याने वरचे पोळे हटत नाही. शाळेच्या दारावर किंवा जिन्यात पोळे असेल तर ते प्रशिक्षित माणसाकडून हलवणेच योग्य. बाकी ठिकाणी लांबून जाणे, दगड-फटाके-धूर टाळणे आणि ते हंगाम संपल्यावर आपसूक जाईल हे लक्षात ठेवणे पुरते. बागेत प्रत्यक्ष वावरणाऱ्या एकेकट्या माश्यांना राखायला पोळे नसते, त्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. मुले खेळतात त्या कट्ट्यापासून फुलांचे ताटवे चार-सहा हात दूर ठेवले की प्रश्न बराचसा मिटतो.

दुसरा आक्षेप डासांचा आणि अस्वच्छतेचा. माश्यांना पाणी लागते, आणि उन्हाळ्यात मधमाश्या पोळे गार ठेवण्यासाठीही ते वाहून नेतात; मग पाण्याच्या थाळ्या ठेवल्या तर डेंगी नाही का वाढणार? डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. उथळ थाळीत खडे घालून दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून टाकले तर डास वाढत नाहीत आणि माश्या बुडतही नाहीत. डासांचे खरे कारखाने गच्चीवरच्या टायरांत, कुंड्यांखालच्या बशांत आणि उघड्या टाक्यांत असतात. ते शोधण्याऐवजी संध्याकाळी बागेत धुराची गाडी फिरवली की समाधान वाटते, पण धूर डास आणि पतंग यांच्यात भेद करत नाही. साथ असताना धूरफवारणीला जागा आहे. रिवाज म्हणून नाही. अस्वच्छ दिसण्याच्या तक्रारीला मात्र रचनेनेच उत्तर द्यावे लागते. जोन नासॉवर या अमेरिकी भूदृश्य अभ्यासिकेने १९९५ साली मांडलेला विचार इथे उपयोगी आहे: आत रानटीपणा असला तरी त्याला नीटस चौकट दिली की लोक तो स्वीकारतात. कुर्डू-तेरड्याच्या पट्ट्याला विटांची कड, मधून झाडलेली पायवाट, आणि ‘हा पट्टा डिसेंबरमध्ये कापला जाईल’ अशी पाटी. साप लपण्याची धास्ती असेल तर हा पट्टा घरांच्या भिंतींपासून दूर आणि गुडघ्याएवढा ठेवावा. दगड-विटांचे ढीग आणि उंदरांना बोलावणारा कचरा सापाला फुलांपेक्षा जास्त खुणावतो.

तिसरा आक्षेप देशी-विदेशीच्या वादाचा. शंकासुरावर फुलपाखरे येतातच की, मग देशीचा हट्ट का? प्रा. श्री. द. महाजन यांच्यासारख्या वनस्पतीतज्ज्ञांनी पुण्यात देशी वृक्षांचा पाठपुरावा दीर्घकाळ केला, तो भावनेपोटी नव्हे. इथल्या कीटकांच्या अळ्या, इथल्या पक्ष्यांच्या चोची आणि इथल्या झाडांचे फुलण्याचे वेळापत्रक हे एकमेकांसोबत घडलेले आहे, आणि पाणी न घालता एप्रिल काढण्याची ताकदही त्यांच्यातच आहे. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला; अशा शहरात लॉन जगवणे हे पाण्याचे धोरण म्हणूनही टिकणारे नाही. तरी सोवळे पाळण्याची गरज नाही. दगडीपाला मूळचा अमेरिकेचा, पण लॉनच्या कडेला त्याची फुले लहान माश्या-फुलपाखरांना जवळजवळ वर्षभर पोसतात. तो उपटण्यात शहाणपण नाही. झाड कुठून आले यापेक्षा ते इथे काय करते हे पाहावे. त्याच कसोटीवर घाणेरी नापास होते, कारण ती टेकड्या गिळते. आफ्रिकेतून आलेला स्पॅथोडिया, आपली पिचकारी, नापास होते. ब्राझीलमध्ये तिच्या फुलांत डंखरहित माश्या मेलेल्या आढळल्याच्या नोंदी आहेत. आणि कोनोकार्पस तर नापास होतोच. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

चौथा आक्षेप सर्वांत खोल जातो: ज्या हवेत माणसाला धाप लागते तिथे माश्यांसाठी बागा करून काय साधणार? याचे उत्तर अर्धे मान्य करूनच द्यावे लागते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या गीता तिम्मेगौडा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली आग्या माश्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम आणि जास्त प्रदूषित ठिकाणांहून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या, आणि प्रदूषित जागी फुलांना मिळणाऱ्या भेटीही कमी होत्या. वाहनांचा धूर फुलांच्या गंधातले काही घटक मोडून टाकतो, म्हणजे माशीला फुलाची वाट सापडणेही कठीण. उजेडाचा प्रश्न वेगळाच. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दिवे लावलेल्या कुरणांत रात्रीच्या परागवाहकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या; आणि तीन पाळ्यांत चालणाऱ्या पट्ट्यात रात्र अशी उरतेच किती? बाग हवा शुद्ध करील असा दावा मी करणार नाही. पण या निष्कर्षांवरून बाग निरर्थक ठरत नाही, तिची जागा ठरते. दुभाजकावर, ट्रकच्या धुराच्या तोंडी मधाची फुले लावणे म्हणजे माश्यांना नेमके घातक जागी बोलावणे. रस्त्याच्या कडेला दाट पानांची झाडे, फुलांचा भाग आतल्या अंगाला, इमारतीच्या किंवा कंपनीच्या मागच्या बाजूला; पारिजात आणि सप्तपर्णीजवळचे दिवे जमिनीकडे झुकलेले आणि मध्यरात्रीनंतर बंद. दमलेल्या जीवाला अन्न जवळ मिळाले तर त्याचा प्रवास कमी होतो, एवढा फायदाही थोडका नाही.

या सगळ्याला पर्याय म्हणून हल्ली एक सोपा मार्ग पुढे येतो: कंपनीच्या आवारात मधपेट्या ठेवायच्या आणि मधाच्या बाटल्या भेट द्यायच्या. हेतू चांगला असला तरी हे गणित उलटे आहे. पेटीमुळे तोंडे वाढतात, घास वाढत नाहीत. व्यापारी मधपाळीत मोठा वाटा असलेली युरोपीय मेलिफेरा माशी १९६०च्या दशकात पंजाबात रुजवली गेली. हजारोंच्या संख्येने ती एका जागी आली की तुटपुंज्या फुलांवर पोया, भुंगे आणि एकेकट्या माश्यांशी तिची स्पर्धा होते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव ठरले, ते तिथे पेट्या आल्या म्हणून नव्हे. पेट्या भरतील एवढे जंगल सभोवती होते म्हणून. आधी शिवार, मग पेटी. मावळाच्या डोंगराकडे पेट्या शोभतील. आकुर्डीच्या आवारात आधी जून ते ऑगस्टचा रकाना भरावा.

राहिला प्रश्न जागेचा. एका बाल्कनीतली तुळस आणि कढीपत्ता यांनी फार काही होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लहान माश्या काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत, त्यामुळे एकटी बाग कितीही चांगली असली तरी बेट बनते. पण प्राधिकरणाच्या आखणीचा फायदा इथेच आहे: बंगला, सोसायटी, उद्यान, शाळेचे मैदान, रेल्वेची पडीक कड, कंपनीचे आवार हे एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. प्रत्येकाने सगळे महिने भरण्याची गरज नाही. एका सोसायटीत करंज आहे, शेजारच्या शाळेने बोर लावावे, उद्यानाने कुर्डूला एक कोपरा सोडावा, बंगल्यांनी लिंबू आणि शेवगा सांभाळावा. रिकामे महिने परिसराचे मिळून मोजायचे, कुंपणागणिक नाही.

हे घडवायला नवा निधी किंवा नवी योजना लागत नाही, ही या मांडणीतली सर्वांत व्यवहार्य बाजू. पालिकेचा उद्यान विभाग दरवर्षी रोपे लावतो, देखभालीची कंत्राटे देतो. मोठ्या उद्योगांच्या पर्यावरण मंजुरीत हरितपट्ट्याची अट नेहमी दिसते, आणि ती पूर्ण झाली का हे झाडांची संख्या मोजून ठरते. संख्या हाच निकष असेल तर लवकर वाढणारे, गुरे न खाणारे, एकाच जातीचे झाड ओळीने लावणे ठेकेदाराला परवडते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. निकष बदलला तर लागवड बदलेल. निविदेतल्या रोपांच्या यादीत जातीच्या नावापुढे फुलण्याचा महिना आणि ते कोणाला पोसते हे दोन रकाने वाढवावेत. कोणत्याही महिन्याचा रकाना मोकळा असेल तर यादी परत पाठवावी. देखभालीच्या अटींत आठवड्याच्या फवारणीऐवजी कीड दिसल्यावर, फुलोरा नसताना, संध्याकाळी फवारणी असे लिहावे. आणि मोकळ्या मातीचा काही भाग ब्लॉकांखाली न जाऊ देणे हे कंत्राटदाराचे काम ठरवावे. सोसायटीच्या वार्षिक सभेत हाच कागद मांडता येईल. कारखान्यात कच्चा माल बारा महिने येत राहावा म्हणून जे नियोजन होते, त्यातला शतांश या कामाला पुरे. उत्पादनाचे वेळापत्रक बसवण्यात हयात घालवलेल्या माणसांच्या शहराला ते अवघड जाऊ नये.